माणसांची नावं मेंदूत कशी रुजतात आणि ऐन वेळी का अडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नावांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, अडनिडे प्रश्न शेवटाकडे. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेहरा ओळखतो, माणूस कुठे भेटला तेही आठवतं, फक्त नाव आठवत नाही. नावाचंच असं का होतं?

कारण नाव हे साखळीतलं शेवटचं कडं आहे. व्हिकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार माणूस ओळखण्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी ‘हा चेहरा पाहिलेला आहे’ असं वाटतं. मग ‘हा कोण’ ते कळतं, म्हणजे काम, भेटीची जागा, कोणाचा कोण. नाव त्यानंतर येतं.

याआधी, १९८५ मध्ये, यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जणांना काही आठवडे रोजच्या जगण्यातल्या अशा फजित्या टिपून ठेवायला सांगितल्या होत्या. ‘चेहरा ओळखीचा, पण कोण ते कळेना’ आणि ‘कोण ते माहीत, पण नाव येईना’ अशा नोंदी भरपूर आल्या. ‘चेहरा पाहून नाव आठवलं, पण हा कोण ते माहीत नाही’ अशी मात्र एकही नोंद आली नाही. अडखळण्याची दिशा ठरलेली असते.

दुसरं असं, की माणसाच्या माहितीला एकमेकींत गुंतलेल्या अनेक वाटा असतात. शिक्षक म्हटलं की शाळा, खडू, परीक्षा सगळं सोबत येतं. नावाकडे मात्र एकच बारीक वाट जाते आणि ती अडली की दुसरीकडून वळसा घालता येत नाही.

२. ‘हे सुतारकाम करतात’ हे लक्षात राहतं, पण ‘यांचं आडनाव सुतार’ हे राहत नाही. शब्द तर तोच आहे!

हेच १९८७ मध्ये प्रयोगात दिसलं. मॅकवीनी, यंग, एलिस आणि सहकाऱ्यांनी अनोळखी चेहऱ्यांसोबत आडनाव आणि व्यवसाय शिकवले. काही शब्द मुद्दाम असे निवडले, की जे इंग्रजीत दोन्ही होऊ शकतात, जसं ‘बेकर’ (पाव भाजणारा). तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर चांगला आठवला आणि आडनाव म्हणून सांगितला तर निसटला. म्हणजे शब्दाचा उच्चार अवघड होता किंवा तो फारसा कानावर पडलेला नव्हता, ही कारणं इथे लागूच होत नाहीत.

सुतार हा व्यवसाय ऐकला की रंधा, करवत, लाकडाचा भुसा, त्या माणसाचे हात असं सगळं मनात जागं होतं. आडनाव म्हणून ऐकला की यातलं काहीच होत नाही, कारण त्या आडनावाचा माणूस बँकेत असेल नाहीतर दवाखान्यात. गिलियन कोहेन यांनी १९९० मध्ये हा धागा पुढे नेला. लोकांना चेहऱ्यांशी निरर्थक शब्द जोडायला दिले, तेव्हा ते नावांइतकेच अवघड गेले. थोडक्यात, मेंदू नावाला अर्थ नसलेल्या शब्दासारखं वागवतो.

३. पण आपल्या नावांना अर्थ असतो की. सागर, ज्योती, मेघना. मग ती तरी सोपी जायला हवीत ना?

अर्थ शब्दाला आहे, त्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही. ज्योती नावाच्या बाईंचा उजेडाशी संबंध नसतो, म्हणून नाव ऐकताना आपण तो अर्थ बाजूला सारतो. सरावाने हे इतकं अंगवळणी पडतं, की रोजच्या ओळखीच्या नावाचा अर्थ कोणी विचारला तर क्षणभर थांबावं लागतं.

अर्थ माणसाला खरोखर लागू पडला तर चित्र बदलतं. सर्ज ब्रेडार आणि टिम व्हॅलेंटाइन यांनी १९९८ मध्ये कार्टूनमधल्या पात्रांवर हे तपासलं. ज्यांचं नाव त्यांच्या रूपाचं किंवा स्वभावाचं वर्णन करतं, त्यांची नावं कमी वेळा अडली. टोपणनावं चटकन चिकटतात ती याच कारणाने. उंच माणसाला ‘लंबू’ म्हटलं की चेहरा आणि नाव यांच्यामधली पोकळी आपोआप भरली जाते.

४. मेंदूत नावं नेमकी कुठे साठवलेली असतात?

नावांचा असा एक कप्पा नाही. काम वाटून घेतलेलं आहे. चेहरा ओळखण्यात मेंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या फ्युजिफॉर्म भागाचा, विशेषतः उजवीकडच्या, मोठा वाटा असतो. नवा चेहरा आणि नवं नाव यांची गाठ हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा भाग बांधतो. माहीत असलेल्या माणसाचं नाव ओठांपर्यंत आणण्यात डाव्या टेम्पोरल लोबचं पुढचं टोक महत्त्वाचं ठरतं. हे टोक साधारण डाव्या कानशिलाच्या आत येतं. हॅना डमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत पाहिलं, की या टोकाला इजा झाली की माणसांची नावं अडतात. इजा त्याच्या मागच्या भागांत असेल तर प्राण्यांची किंवा अवजारांची नावं अडतात.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण इटलीतल्या एका रुग्णाचं आहे. कार्लो सेमेंझा आणि मरिना झेटिन यांनी त्याची नोंद १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याला वस्तूंची नावं व्यवस्थित सांगता येत. फोटोतला माणूस कोण, काय करतो, हेही तो नीट सांगे. माणसांची आणि ठिकाणांची नावं मात्र त्याला सांगता येत नसत. नाव आपण उच्चारलं तर तो बरोबर फोटोकडे बोट दाखवी. म्हणजे नाव पुसलं गेलं नव्हतं, माणसाकडून नावाकडे जाणारा रस्ता तुटला होता.

गाठ बांधल्यावर काय तयार होतं, याची झलक २००५ मध्ये मिळाली. अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते. कियान किरोगा आणि सहकाऱ्यांना त्यांपैकी एका रुग्णात एक चेतापेशी अशी सापडली, जी अभिनेत्री हॅली बेरी यांच्या वेगवेगळ्या फोटोंना, त्यांच्या रेखाचित्राला आणि नुसत्या लिहिलेल्या नावालाही प्रतिसाद देत होती. (त्या एका पेशीत ते नाव ‘ठेवलेलं’ असतं, असा याचा अर्थ काढू नका. अशा अनेक पेशी मिळून काम करतात.)

५. ओळख करून दिली आणि पाच सेकंदांत नाव गायब. माझी स्मरणशक्ती गेली आहे का?

बहुतेक वेळा ही विसरण्याची घटनाच नसते, कारण नाव साठवलंच गेलेलं नसतं. ऐकलेला आवाज मनात जेमतेम दोन सेकंद घुमतो. तेवढ्यात तो मनात पुन्हा म्हटला नाही किंवा कशाशी जोडला नाही, तर विरून जातो. आणि नेमक्या त्याच दोन सेकंदांत आपण हात पुढे करत असतो, हसत असतो, स्वतःचं नाव सांगायची तयारी करत असतो.

शेवटचं कारण सगळ्यात घातक. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की गोलात बसून एकेक जण बोलत असेल तर स्वतःची पाळी यायच्या लगेच आधी जे बोललं गेलं, तेच सगळ्यात कमी आठवतं. ओळख होताना तुमची पाळी नेहमी पुढचीच असते.

घाई, गोंगाट, दोन माणसांची नावं एका दमात सांगितली जाणं, नाव पुटपुटत उच्चारलं जाणं, ही बाकीची कारणं. नाव अपरिचित असेल तर दोन सेकंदही पुरत नाहीत, त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

६. मग ओळख होताना नेमकं काय करायचं?

समजा समोरच्या बाईंनी नाव सांगितलं, ‘चित्रलेखा’. क्रम असा ठेवा.

आधी ऐका. नाव उच्चारलं जात असताना स्वतःच्या मनातलं वाक्य थांबवा. तुमचं नाव तुम्हाला पाठ आहे, त्याची तयारी लागत नाही. नाव अर्धवट ऐकू आलं तर तिथल्या तिथे विचारा. ‘चित्रा की चित्रलेखा?’ हा प्रश्न पहिल्या मिनिटात अगदी सहज विचारता येतो.

मग मोठ्याने एकदा म्हणा. ‘नमस्कार चित्रलेखाताई.’ आवाज तोंडातून निघाला की तो उच्चारायची वाट एकदा तरी वापरली जाते, आणि पुढे अडते ती नेमकी हीच वाट (प्रश्न ९). तुमचा उच्चार चुकला असेल तर समोरची व्यक्ती इथेच दुरुस्त करते. चुकीचं नाव पाठ होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एखादा प्रश्न नावावरच विचारा. ‘मनीषा’मधला ष की श? नाव कोणी ठेवलं? आडनावाचा उच्चार ‘ळ’ने की ‘ल’ने? अशा प्रश्नामुळे तुमचं लक्ष दहा-पंधरा सेकंद नावावर टिकतं आणि कोरड्या आवाजाला थोडी माहिती चिकटते.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. काही वेळाने चेहऱ्याकडे पाहून नाव मनातल्या मनात आठवून काढा. पुटपुटून घोकणं आणि आठवून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लागोपाठ दहा वेळा ‘चित्रलेखा, चित्रलेखा’ म्हटलं तर नाव मनात होतंच, ते शोधावं लागलं नाही. थोडं विसरायला येईल इतका वेळ जाऊ द्यायचा आणि मग शोधायचं, यात वाट मजबूत होते. लँडाउअर आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये नावांवरच प्रयोग करून दाखवलं, की आठवून काढण्यामधलं अंतर हळूहळू वाढवत नेलं तर चांगला फायदा होतो.

व्यवहारात हे वेळापत्रक झेपतं: पहिल्यांदा सुमारे अर्ध्या मिनिटाने, मग दोन मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, निरोप घेताना मोठ्याने, रात्री झोपण्याआधी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने. मध्ये कुठेही नाव सुटलं तर खरं नाव पाहून घ्या आणि पुन्हा लहान अंतरापासून सुरू करा. रात्री आठवताना नाव आधी आणि चेहरा मागून, असं करू नका. प्रत्यक्षात समोर चेहरा येणार आहे, म्हणून आधी चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि मग नाव शोधा.

७. एकाच बैठकीत पंधरा-वीस जणांची ओळख होते. सगळी नावं एकदम कशी घ्यायची?

एकदम घेऊ नका. तीन-चार जणांचा गट करा, तो गट आठवून झाला की पुढच्याकडे वळा आणि दर वेळी मागचा गट एकदा फिरून या.

बैठक तुमच्या हातात असेल तर पीटर मॉरिस आणि कॅथरिन फ्रिट्झ यांनी २००० मध्ये तपासलेला नावांचा खेळ घ्या. पहिला आपलं नाव सांगतो, दुसरा पहिल्याचं नाव आठवून मग आपलं सांगतो, तिसरा दोघांची, असं पुढे. यात प्रत्येक नाव वाढत्या अंतराने पुन्हा आठवलं जातं, म्हणजे प्रश्न ६ मधलं वेळापत्रक आपोआप पाळलं जातं. शेवटी पहिल्याला सगळ्यांची नावं घ्यायला सांगा, नाहीतर सुरुवातीच्या लोकांना आठवायचं कामच पडत नाही.

एक सापळा टाळा. ‘खिडकीजवळ बसलेले ते अमुक’ असं पाठ केलं तर चहाच्या सुट्टीनंतर लोक जागा बदलतात आणि सगळं कोसळतं. नाव चेहऱ्याला बांधा, खुर्चीला नको.

८. चेहऱ्यातली खूण शोधायची आणि नावाचं चित्र तिच्यावर बसवायचं, ही युक्ती खरंच चालते का?

चालते, पण निवांत वेळ असेल तर. फोटो आणि नावांची यादी हातात घेऊन बसलात तर उत्तम. समोर माणूस बोलत असताना मात्र खूण शोधणं, चित्र रचणं आणि त्याच वेळी संभाषण चालू ठेवणं फार थोड्यांना जमतं. मॉरिस, फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रत्यक्ष मेळाव्यात तुलना केली, तेव्हा वाढत्या अंतराने आठवण्याची रीत या युक्तीपेक्षा सरस ठरली.

ती फसते तीन ठिकाणी. खूण म्हणून चष्मा, दाढी किंवा केसांची ठेवण निवडली तर पुढच्या भेटीत खूणच नसते. नाकाची ठेवण, भुवया, हनुवटी, कानाची पाळी असं न बदलणारं काही घ्या. दुसरं, चित्र अर्थ जपतं, आवाज जपत नाही. सागर नावासाठी कपाळावर उसळणाऱ्या लाटा कल्पिल्या, तर महिन्याने त्या लाटांवरून ‘अर्णव’ही आठवेल आणि ‘सिंधू’ही. म्हणून चित्रासोबत पहिलं अक्षर पक्कं करा. तिसरं, दहा माणसांना दहा लाटा दिल्या तर एकही उपयोगाची राहत नाही.

९. नाव अगदी ओठांवर असतं, ‘स’ने सुरू होतं हेही कळतं, पण बाहेर येत नाही. तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं?

ही अवस्था रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत घडवून आणली. त्यांनी दुर्मीळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. ज्यांना शब्द ‘ओठांवर’ वाटला, त्यांना पूर्ण शब्द येत नसतानाही पहिलं अक्षर आणि शब्दाचे किती तुकडे, हे अंदाजापेक्षा पुष्कळदा बरोबर सांगता आलं.

डेबोरा बर्क, डॉनल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण आज बऱ्यापैकी मान्य आहे. शब्दाचा अर्थ आणि त्याचा आवाज हे वेगवेगळ्या थरांत असतात. अर्थाचा थर पूर्ण जागा झालेला असतो, पण तिथून आवाजाच्या थरापर्यंत पोचणारा जोर कमी पडतो. म्हणून आवाजाचे काही तुकडे उजळतात, काही अंधारातच राहतात. जे नाव बरेच दिवस उच्चारलेलं नाही, अलीकडे कानावर आलेलं नाही, त्याचा जोड सैल पडलेला असतो. तरुण माणसाच्या बाबतीत हे साधारण आठवड्यातून एकदा घडतं, आणि त्यात विशेषनामांचा वाटा मोठा असतो.

१०. नाव असं अडलं तर जोर लावून आठवत राहावं की सोडून द्यावं?

आठ-दहा सेकंद प्रयत्न करा, मग थांबा. हे सोयीसाठी सांगत नाही, त्यामागे ठोस कारण आहे. वॉरिनर आणि हम्फ्रीज यांनी २००८ मध्ये लोकांना अडलेल्या शब्दावर काही वेळा १० सेकंद आणि काही वेळा ३० सेकंद झगडू दिलं आणि मग उत्तर सांगितलं. दोन दिवसांनी तपासलं, तेव्हा ज्या शब्दांवर जास्त वेळ झगडा झाला होता, तेच पुन्हा जास्त अडले. उत्तर दोन्ही वेळा मिळालेलं होतं, तरीही. चुकीच्या वाटेवर जितका वेळ फिरावं, तितकी ती वाट मळत जाते.

त्या दहा सेकंदांत त्या माणसाबद्दल आणखी माहिती आठवत बसू नका. ती आधीच जागी आहे, अडचण आवाजाची आहे. ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पाहिलं, की अशा वेळी पुन्हा फोटो दाखवून फारसा फरक पडत नाही, आद्याक्षरं दिली तर पुष्कळदा नाव सुटतं. मराठीत याची सोपी सोय आहे. बाराखडी चालवा. नुसतं ‘क, ख, ग’ पुरत नाही, कारण नावाची सुरुवात ‘सु’ आहे की ‘सं’ यावर सगळं अवलंबून असतं. ‘स, सा, सि, सु, सं’ असं ओठ हलवत, हलक्या आवाजात म्हणा. अक्षर बरोबर लागलं तर उरलेलं नाव बहुधा ओघाने येतं.

तरी आलं नाही तर कोणाला विचारा किंवा फोनमध्ये पाहा. सापडलं की मोठ्याने दोनदा म्हणा, आणि थोड्या वेळाने एकदा आठवून काढा. नुसतं वाचून ‘हां, बरोबर’ म्हटलं तर पुढच्या वेळी ते त्याच ठिकाणी अडेल.

११. नको असलेलं दुसरंच नाव पुन्हा पुन्हा तोंडात येतं. ते मूळ नावाला अडवतं का?

वाटतं तसं, पण बहुतेकदा ते आडकाठी नसून परिणाम असतो. मूळ नावाला पुरेसा जोर मिळाला नाही, म्हणून जवळचं, जास्त वापरातलं नाव पुढे येतं. ते आलं की त्याला हाकलायच्या नादात आपण तेच पुन्हा पुन्हा उच्चारतो आणि ते आणखी बळकट होतं. लक्ष पूर्ण दुसरीकडे न्या. दुसऱ्या कामात असताना खरं नाव अचानक उमटतं, तेव्हा या आगंतुकाचा जोर ओसरलेला असतो.

१२. आई धाकट्याला हाक मारताना आधी थोरल्याचं, मग माझं नाव घेते. हे काळजीचं आहे का?

नाही. समंथा डेफ्लर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १७०० हून अधिक जणांकडून अशा चुका गोळा केल्या. चुकीचं नाव जवळजवळ नेहमी त्याच गोतावळ्यातलं असतं: घरच्यांना घरच्यांची, मित्रांना मित्रांची. घरात कुत्रा असेल तर त्याचंही नाव येतं, कारण तो घरच्यांत मोडतो. नावांच्या उच्चारातलं साम्य थोडी भर घालतं, चेहऱ्यातलं साम्य जवळपास काहीच नाही. आपल्या माणसांचा गट एकदम जागा होतो आणि घाईत गटातलं भलतंच नाव निसटतं. तरुण माणसांच्या हातूनही हे घडतं.

१३. वय वाढलं की नावंच आधी का जातात?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक, अर्थाकडून आवाजाकडे जाणारा जोर वयाबरोबर कमी होतो (प्रश्न ९), आणि त्याचा फटका एकेरी वाटेवरच्या शब्दांना आधी बसतो. दुसरं, नव्या जोड्या बांधणं अवघड होतं. मोशे नावे-बेंजामिन यांनी दाखवलं, की वयस्कर माणसांना चेहरे वेगळे ओळखता येतात, नावं वेगळी ओळखता येतात, पण कोणत्या चेहऱ्याचं कोणतं नाव यात ती तरुणांच्या बरीच मागे पडतात.

शब्दसंग्रह आणि माणसांबद्दलची माहिती याच वयात भक्कम असते, म्हणून नावाची उणीव आणखी खुपते. उपाय साधा आहे: जी नावं जपायची ती बोलण्यात येऊ द्या. ‘तो आपला तो’ म्हणण्याऐवजी नाव घेऊन बोला. जुन्या मित्राला भेटायला जाण्याआधी त्याच्या घरातल्या सगळ्यांची नावं एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

१४. हा साधा विसर आहे की डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात, हे कसं ओळखायचं?

घरबसल्या निदान होत नाही. पण काय पाहायचं ते सांगता येतं. नाव अडलं, माणूस कोण ते नीट माहीत आहे आणि नाव नंतर कधीतरी आपोआप आठवतं किंवा कोणी सांगितल्यावर लगेच पटतं, हा नेहमीचा प्रकार. नाव सांगूनही ओळख पटत नाही, जवळच्या माणसाचं नातंच सांगता येत नाही, रोजच्या वस्तूंचे शब्दही जाऊ लागले आहेत, तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा विचारला जातो, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होतं किंवा पैशांचे व्यवहार जमेनासे झाले आहेत, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. सोबत घरातल्या कोणाला तरी न्या, कारण बदल बहुधा त्यांच्या नजरेत आधी येतो.

शब्द किंवा नावं अचानक, काही मिनिटांत सुचेनाशी झाली, बोलणं अडखळू लागलं, तोंड वाकडं झालं किंवा एका हातातलं बळ गेलं, तर तो पक्षाघात असू शकतो. वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात न्या. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

थायरॉइडचे विकार, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधं यांमुळेही विसर वाढतो. यांतल्या बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात, म्हणून घाबरून तपासणी टाळू नका.

१५. माझं उलट आहे. नावं पाठ आहेत, चेहरेच ओळखू येत नाहीत.

मग अडचण साखळीच्या पहिल्या कड्यात आहे. हिला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये हे नाव दिलं. काहींना ती मेंदूच्या इजेनंतर येते, काहींना जन्मापासून असते आणि कित्येकांना मोठं होईपर्यंत कळतही नाही. अशांनी नाव चेहऱ्याऐवजी आवाज, चाल किंवा उभं राहण्याच्या ढबीला जोडावं, आणि शक्य तिथे लोकांना स्पष्ट सांगावं. प्रश्न ८ मधली खुणेची युक्ती इथे लागू नाही.

१६. चाळीस वर्षांनी वर्गमित्र भेटणार आहेत. नावं आठवतील का?

ओळखता येतील, आपणहून सांगता येणं अवघड. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये शाळा सोडून जवळजवळ पन्नास वर्षांपर्यंतचा काळ लोटलेल्या ३९२ जणांची परीक्षा घेतली. वर्गमित्रांचे फोटो इतरांतून वेगळे काढणं तीसेक वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के जमलं. नुसता फोटो पाहून नाव सांगणं मात्र कितीतरी कमी. म्हणून जाण्याआधी जुना वर्गाचा फोटो आणि नावांची यादी समोर ठेवा. आधी चेहऱ्यावरून नाव काढायचा प्रयत्न करा, मग यादी पाहा. नव्याने शिकण्यापेक्षा हे फार लवकर होतं.

१७. परक्या भाषेतलं, कधी न ऐकलेलं नाव डोक्यात शिरतच नाही. काय करावं?

ओळखीच्या नावाला मेंदू एक तुकडा मानतो. अनोळखी नाव म्हणजे चार-पाच सुटे आवाज, आणि दोन सेकंदांच्या घुमण्यात ते मावत नाहीत. सावकाश म्हणायला सांगा, अक्षरांचे दोन-दोन तुकडे करा, देवनागरीत लिहून घ्या आणि त्यावरून तीनदा उच्चारा.

ईमेलमधून रोज दिसणाऱ्या नावांचाही हाच घोळ होतो. वाचताना आपण अवघड नावाचा नुसता आकार ओळखून पुढे सरकतो. सहा महिने पत्रव्यवहार होतो आणि फोनवर बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, कारण त्या नावाचा आवाज मेंदूत कधी तयारच झालेला नसतो. पहिल्याच पत्राच्या वेळी ते मोठ्याने वाचा.

१८. दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांची नावं जास्त अडतात का?

सामान्यनामं जास्त अडतात, विशेषनामं नाही. तमार गोलन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे तपासलं. वस्तूला दोन भाषांत दोन शब्द असतात आणि वापर वाटला जातो. माणसाचं नाव दोन्ही भाषांत एकच राहतं, त्यामुळे त्याचा सराव विभागला जात नाही.

१९. एकाच नावाच्या तीन व्यक्ती आहेत, शिवाय प्रिया, प्रीती आणि प्राची. सारखा गोंधळ होतो.

तिन्ही नावं एकाच दिवशी पाठ करू नका. एक पक्कं झालं की दोन दिवसांनी दुसरं घ्या. सारख्या नावांत सुरुवातीचा ‘प्र’ काहीच काम करत नाही, म्हणून उच्चारताना वेगळ्या अक्षरावर जोर द्या: प्रियामध्ये ‘या’, प्रीतीमध्ये ‘ती’, प्राचीमध्ये ‘ची’. एकाच नावाच्या माणसांसाठी नाव आणि आडनाव मिळून एकच शब्द असल्यासारखं म्हणा. नुसत्या नावाने सराव केलात तर आडनाव कायम मागे राहील.

२०. झोपेत नावं पक्की होतात म्हणे. रात्री रेकॉर्डिंग लावून ठेवू का?

लावू नका. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२२ मध्ये २४ जणांवर झालेल्या प्रयोगात, गाढ झोपेत अगदी हळू आवाजात नावं ऐकवली तेव्हा ती जास्त चांगली आठवली. पण ज्यांची झोप सलग राहिली त्यांनाच फायदा झाला, झोप मोडलेल्यांना नाही. तिथे मेंदूचे तरंग पाहून योग्य क्षणी आवाज सोडला जात होता. घरी फोन लावला तर झोप मोडण्याचीच शक्यता जास्त. झोपण्याआधी एकदा आठवा आणि पुरेसं झोपा.

२१. गोंगाटातही स्वतःचं नाव बरोबर ऐकू येतं. मग दुसऱ्यांची का नाही?

स्वतःचं नाव मेंदूने आयुष्यभर ऐकलेलं असतं. जेमतेम साडेचार महिन्यांची बाळंही दुसऱ्या नावांपेक्षा आपलं नाव ऐकणं पसंत करतात, असं १९९५ मध्ये दिसलं आहे. तरी ‘बरोबर ऐकू येतं’ हे अर्धसत्य. नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात, लक्ष नसलेल्या कानात नाव उच्चारलं तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनाच ते जाणवलं. जे निसटलं ते निसटलं हे आपल्याला कळतच नाही.

२२. तीनदा भेट झाली, आता नाव विचारायची लाज वाटते. काय करू?

विचारा, आणि जे आठवतं ते आधी सांगा. ‘आपण मागच्या प्रशिक्षणात एकाच गटात होतो, तुम्ही तो तक्ता समजावून सांगितला होतात. नाव मात्र माझ्याकडून सुटलं.’ माणूस लक्षात आहे हे कळलं की नाव विसरल्याचा राग सहसा येत नाही. तुमचं नावही लगेच सांगा, कारण बऱ्याचदा समोरच्यालाही तेच हवं असतं. ‘ओळखलंत का मला?’ असं मात्र कोणाला विचारू नका. नाव मिळालं की प्रश्न ६ मधल्या दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा, आणि निरोप घेताना ते नाव घेऊनच घ्या.